'पारेनाज'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरी
एका दिवाळी अंकासाठी फ्रेंच लेखाचं भाषांतर करतेय. विषय असा की फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायचं तर काय काय जमवावं लागतं. नागरिकत्व, वय, मतदारयादीत नाव, मालमत्तेचं विवरण, इथपर्यंत सगळं सुरळीत. गाडी अडली ती सह्यांपाशी. महापौर, खासदार, सिनेटर, प्रादेशिक सभांचे सदस्य असे देशभरात साधारण ४२ हजार लोकनियुक्त प्रतिनिधी आहेत. त्यांतल्या किमान ५०० जणांच्या सह्या हव्यात, त्या निदान ३० देपार्तमाँमधून (आपल्या जिल्ह्यांसारखे) आलेल्या हव्यात आणि एकाच देपार्तमाँतल्या ५० पेक्षा जास्त धरत नाहीत. या सहीला सगळे 'पारेनाज' म्हणतात.

मी आधी 'प्रायोजकत्व' लिहिलं. संपादकांचा शेरा आला, 'क्रिकेटचे सामने आहेत का?' मग 'पुरस्कार' केलं. त्यावर, 'कोणाला मिळाला?'

खरी पंचाईत या वाक्याची आहे: २०२२ मध्ये फ्रांस्वा बायरू यांनी मारीन ल पेन यांना पारेनाज दिलं. बायरू स्वतः माक्राँच्या गोटातले, आणि ल पेन माक्राँच्या विरोधक! म्हणजे 'पाठिंबा' बादच. सुचवा काहीतरी. रविवारी मजकूर द्यायचाय.

निवृत्त_लेखनिक
सूचक. विषय संपला.
आपल्याकडे राष्ट्रपतिपदाच्या अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. १९९७ च्या आधी दहा-दहा पुरत. लोकसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, अपक्षाला दहा. शब्द तयार आहे, रुळलेला आहे. नवा कशाला पाडता?

ताकभात
काका, सूचक म्हणजे ज्याला ते नाव सुचलं तो. इथे उलटं आहे. उमेदवार आधीच गुडघ्याला बाशिंग बांधून तयार, आणि सह्या मागत गावोगाव फिरतोय. त्या ५०० जणांना काहीच सुचलेलं नाही.

निवृत्त_लेखनिक
मी २२ वर्षे गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो. इतिवृत्तात ज्यांची नावे सूचक म्हणून घातली त्यांतले निम्मे सभेत डुलक्या घेत होते. त्यांनाही काही सुचलेले नव्हते. शब्द तरी चालला. व्युत्पत्तीवर भाषा चालत नाही.

ओसरी
व्युत्पत्तीच काढायची तर संस्कृतात सूचक म्हणजे चहाड्या करणाराही. बायरूंना चपखल बसेल :)

लोआरकाठ
भाषांतरीताई, मी बारा वर्षं इकडे फ्रान्समध्येच आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

पहिलं म्हणजे कायद्यात 'पारेनाज' हा शब्दच नाही. तिथे 'प्रेझाँतासियों' आहे, म्हणजे पुढे मांडणं, सादर करणं. प्रतिनिधी उमेदवाराला 'सादर' करतो, एवढंच. एकाला एकच सही, आणि दिली की परत घेता येत नाही. पारेनाज हा लोकांचा आणि वर्तमानपत्रांचा शब्द. 'पारँ' म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. त्यामुळे त्याला मायेचा, जबाबदारीचा वास येतो, आणि तोच वास अडचणीचा ठरतो.

मी राहते ते गाव सहाशे डोक्यांचं. आमच्या मेरबाई, म्हणजे गावच्या प्रमुख, शेतकरी आहेत. २०२२ च्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या उमेदवारांची माणसं त्यांच्या दारी येऊन गेली. बाईंनी दोघांना कॉफी पाजली, सही कोणालाच नाही. कारण काय, तर २०१६ च्या कायद्यापासून सही करणाऱ्या प्रत्येकाचं नाव जाहीर होतं. पूर्वी एका उमेदवारामागे चिठ्ठ्या टाकून ५०० नावं काढायचे आणि तेवढीच छापायचे, बाकीचे सुटत. आता घटना परिषदेच्या (सह्या तपासणारी संस्था) यादीत कोणीही बघतं आणि दुसऱ्या दिवशी बेकरीत विचारतं, 'काय हो, तुम्ही त्यांच्यातल्या?' मारीन ल पेन २०१२ मध्ये नावं गुप्त ठेवा म्हणून भांडल्या होत्या. परिषदेने ऐकलं नाही.

म्हणजे कायदा म्हणतो हा पाठिंबा नव्हे, आणि गाव म्हणतं हाच पाठिंबा. तुमचा घोळ मुळात फ्रेंचांचाच आहे.

भाषांतरी
हे फार कामाचं. पण मग मराठीतही तसाच संशयास्पद शब्द हवा, नाही का?

पुरातनपुरी
'पुरस्कार' टाकून देऊ नका. पुरस् म्हणजे पुढे, पुरस्कार म्हणजे पुढे करणे. लोआरकाठ म्हणतात त्या 'प्रेझाँतासियों'चं यापेक्षा नेमकं भाषांतर सापडणार नाही. पुरस्कार म्हणजे बक्षीस हा अर्थ मागाहून चिकटला, आणि आता त्याने मूळ अर्थाला घराबाहेर काढलं. 'स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला' हे वाक्य आजच्या मुलांना द्या, ते विचारतील रोख किती. संपादकांना समजावणं हे भाषांतरकाराचं कर्तव्य आहे.

ताकभात
आणि दर निवडणुकीत 'अमुक पक्ष पुरस्कृत अपक्ष' छापून येतं, त्याचं काय? पक्षाने पुरस्कृत केलेला म्हणजे पक्षाचाच माणूस, फक्त चिन्ह वेगळं. बायरूंनी पुरस्कृत केलेल्या ल पेन असं लिहिलं तर वाचक चहा सांडेल.

पुरातनपुरी
वापर चुकला म्हणून शब्द सोडायचा का? उद्या 'अपरोक्ष'ही सोडा.

ताकभात
अपरोक्षवर नको. मागच्या वेळी दोनशे प्रतिसाद झाले होते.

खडूसराव
मुद्द्याचं कोणी बोलत नाही. भाषांतरीबाई, तुम्ही वर 'महापौर' लिहिलंत. लोआरकाठांच्या सहाशे वस्तीच्या गावाला महापौर? आपल्याकडे महापौर महानगरपालिकेला असतो.

भाषांतरी
फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे हो, 'मेर'. पॅरिसलाही तोच, खेड्यालाही तोच. साधारण ३५ हजार कम्यून, म्हणजे गावं-शहरं, आणि निम्म्याहून अधिक पाचशे वस्तीच्या आतल्या. मी काय करू?

खडूसराव
सरपंच लिहा.

ओसरी
मग आन इदाल्गो २०२२ ला उभ्या होत्या तेव्हा पॅरिसच्या सरपंच होत्या म्हणायचं?

निवृत्त_लेखनिक
मधला मार्ग नगराध्यक्ष.

खडूसराव
नगर असेल तर. गुरं जास्त आणि माणसं कमी तिथे कसलं नगर.

पुरातनपुरी
महापौर हा सावरकरांनी दिलेला शब्द आहे, तो असा खिरापतीसारखा वाटू नये. सरपंच आणि महापौर दोन्ही वापरा, गाव बघून.

लोआरकाठ
पण सगळी गंमत तिथेच आहे हो. एकच पद, एकच सही, आणि वजन सारखं. पॅरिसच्या मेरची सही आणि आमच्या मेरबाईंची सही यांत काडीचा फरक नाही. दोन शब्द केलेत की ते निसटलं. मी 'मेर' तसंच ठेवलं असतं. आपण 'कलेक्टर' ठेवलाच ना?

खडूसराव
कलेक्टरला जिल्हाधिकारी आहे.

लोआरकाठ
लोक काय म्हणतात?

वास्कोचो
थोडं अवांतर. आमच्या घरी धर्मपित्याला 'पादीन' म्हणतात, धर्ममातेला 'मादीन'. मूळ पोर्तुगीज पाद्रिन्यू. फ्रेंच पारँ त्याचाच लॅटिन भाऊबंद. माझा पादीन आईचा मामेभाऊ. बाप्तिस्म्याला चर्चमध्ये उभा राहिला, मला धरलं, आणि मग तीस वर्षं मुंबईला. लग्नाला मात्र आला. तेव्हा पादीन म्हणजे जन्मभराची जबाबदारी वगैरे पुस्तकात. खऱ्यात एका दिवशी येऊन उभं राहायचं, वहीत सही करायची. त्या अर्थी पारेनाज बरोबरच आहे.

दीपशिखा_
वा! मला यावरून 'पाठराखीण' आठवली. नवरीबरोबर सासरी जाते ती. उमेदवाराबरोबर रणात ५०० पाठराखिणी.

ताकभात
पाठराखीण निदान नवरीच्या बाजूची असते हो. बायरू?

भाषांतरी
हे लक्षात घ्या की बायरूंनी तेव्हा सांगितलं होतं, मी ल पेनशी सहमत नाही, पण इतकी मतं मिळवणारी व्यक्ती सह्यांअभावी बाहेर राहिली तर ती लोकशाही नाही. ल पेनना शेवटी ६२२ सह्या मिळाल्या आणि त्या दुसऱ्या फेरीत गेल्या. उलट उजव्या पक्षाच्या उमेदवार पेक्रेसबाईंना २,६३६ सह्या आणि मतं पाच टक्क्यांच्या आत. इदाल्गोंना १,४४० सह्या, मतं पावणेदोन टक्के. म्हणून 'पाठिंबा', 'समर्थन', 'पाठराखण' असलं काहीही मला चालणार नाही.

निवृत्त_लेखनिक
हेच मी म्हणतो. सूचक कोरडा आहे, म्हणून बरा. 'अनुमोदक' मात्र घेऊ नका, त्यात 'मोद' आहे.

पुरातनपुरी
एवढे आकडे टाकलेत तर हेही घाला की मुळात ५०० नव्हते. १९६२ ला थेट निवडणूक आली तेव्हा १०० सह्या पुरत. १९७४ ला बारा उमेदवार झाले, मग १९७६ ला पाचपट केल्या. आपल्याकडचे दहाचे पन्नास झाले तेही पाचपटच. हौशे-नवशे-गवशे गाळायला जगभर तीच चाळणी दिसते.

ओसरी
चाळणी कसली, २००२ ला सोळा होते. आणि १९८१ ला याच ५०० पायी थोरले ल पेन, म्हणजे मारीनचे वडील, बाहेर राहिले. हौशी नव्हते ते.

लोआरकाठ
तोबिराही नव्हत्या. माजी न्यायमंत्री, २००२ ला उभ्या राहिलेल्या. २०२२ ला २७४ वर अडल्या.

खडूसराव
'उमेदवार' हाही फारसीच आहे, कोणाला खटकत नाही. उमेद धरून बसलेला. आमचे आजोबा छापखान्यात 'उमेदवारी' करत होते असं सांगायचे, तेव्हा मला वाटायचं ते निवडणुकीला उभे होते. दोन वर्षं बिनपगारी खिळे जुळवले त्यांनी.

दीपशिखा_
आमच्याकडे वकिलाकडे उमेदवारी म्हणत! आता सगळे 'इंटर्नशिप' म्हणतात. किती छान शब्द गेला.

पुरातनपुरी
गेला नाही, घालवला.

ताकभात
फारसीच हवं असेल तर 'शिफारस' का नको? शिफारस करणारा मत देईलच असं नाही. मी दोन माणसांच्या नोकरीची शिफारस केलीय, दोघांनाही मी स्वतः ठेवलं नसतं.

निवृत्त_लेखनिक
शिफारस बंद पाकिटातून जाते. इथे नाव जाहीर होते.

लोआरकाठ
पाकीट इथेही असतं बरं का. फॉर्म प्रतिनिधीने स्वतः टपालाने परिषदेकडे पाठवायचा. पूर्वी पक्षाची माणसं दारोदार गोळा करायची, ते बंद केलं.

भाषांतरी
सध्या मसुद्यात 'उमेदवारी-सही' लिहून ठेवलंय. वाक्य असं होतंय: 'बायरूंनी ल पेन यांना उमेदवारीची सही दिली.' कसं वाटतं?

पुरातनपुरी
सही नको, 'स्वाक्षरी'.

खडूसराव
स्वाक्षरी नटांची घेतात. सही बँकेत करतात.

निवृत्त_लेखनिक
आमच्या दप्तरात 'दस्तखत' होते. ५०० दस्तखते.

ओसरी
दस्तखतचं अनेकवचन होतं का पण? 'दस्तखतं घेतली' की 'दस्तखत घेतले'? आजी 'दस्तुर' म्हणायची, 'दस्तुर खुद्द' मधला. तो आणि हा एकच का?

दीपशिखा_
दोन्हींत 'दस्त' म्हणजे हातच असणार ना?

खडूसराव
थांबा, कोश काढतो.