हरिहरेश्वरच्या कातळाला जाळी कोण पाडतं?

भटकभवानी: काल ओहोटीला प्रदक्षिणेच्या वाटेने खाली उतरले, कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं! लाटांनीच केलंय ना हे?

कातळवेडा: एकट्या लाटांनी नाही गं. तुषार उडतात, खारं पाणी दगडात मुरतं, ऊन पडलं की वाळतं आणि आत मिठाचे स्फटिक वाढून दगडाचा कण न् कण सुटतो, एकदा खळगा झाला की तिथे ओल टिकते मग अजून खोल. लाटा खाली कड्याचा पाया कोरतात, वरचं कोसळतं, कडा मागे सरकतो. तू उभी होतीस तो सपाट कातळ म्हणजे त्याचाच उरलेला पाया.

दर्यावर्दी: गोल रांजणखळगे वेगळे हां, त्यात अडकलेले गोटे लाटा रवीसारखे घुसळतात. भरतीची वेळ बघूनच उतरा पण!

भटकभवानी: चप्पल तिथेच वाहून गेली माझी 😅