उंचीचा मुद्दा राहूनच गेला

लष्करी हेलिकॉप्टरं देशात बनवावीत की विकत घ्यावीत, या चर्चेत वर "बाहेर तयार मिळतं, मग घरी बनवायचा खटाटोप कशाला" असं म्हटलंय. सगळं बाहेर मिळत नाही, हीच तर मेख आहे. 1999 ला कारगिलमध्ये आपली एमआय-35 हल्ला हेलिकॉप्टरं त्या उंचीवर निरुपयोगी ठरली. मग एमआय-17 या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरांना रॉकेटं लावून पाठवलं आणि त्यातलं एक शत्रूने पाडलं. सियाचिन हा काही जगातल्या कंपन्यांचा मोठा ग्राहक नाही. तिथल्या विरळ हवेसाठी कोण खास यंत्र बनवणार? 'प्रचंड' हे आपलं हलकं हल्ला हेलिकॉप्टर त्या गरजेतून आलं. अर्थात 2010 चं पहिलं उड्डाण आणि 2022 मध्ये हवाई दलात दाखल, ही गती काही मिरवण्यासारखी नाही.

'स्वदेशी' म्हणतानाही जरा जपून. ध्रुव (इथेच बनणारं बहुउपयोगी हेलिकॉप्टर) आणि प्रचंडचं 'शक्ती' इंजिन फ्रेंच कंपनीबरोबर विकसित केलेलं आहे. आणि इक्वेडोरचं काय? त्यांनी घेतलेल्या सात ध्रुवपैकी चार पडली, 2015 मध्ये करारच रद्द झाला. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळल्यावर तर तिन्ही दलांची ध्रुव जमिनीवर बसवावी लागली. एकाच कंपनीवर (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) सगळी भिस्त ठेवल्याचा हा तोटा.

पण आयातीत तरी वेळ कुठे पाळली जाते? लष्कराच्या सहा अपाचे (अमेरिकी हल्ला हेलिकॉप्टरं) खरेदीचा करार 2020 चा, पहिली तीन आली जुलै 2025 मध्ये. माझं मत: हलकी आणि डोंगरातली हेलिकॉप्टरं इथेच बनवावीत, अवजड चिनूकसारखी खुशाल विकत घ्यावीत.