मदत हवी आहे: टिप फॉस्टर आणि हौशी खेळाडूंच्या खर्चाचा हिशोब

मंडळी, लंडनला कोणी असेल किंवा जुन्या क्रिकेटचा किडा असेल तर प्लीज वाचा.

आर. ई. उर्फ टिप फॉस्टरवर लेख लिहायला घेतलाय. डिसेंबर 1903, सिडनी, पहिलीच टेस्ट आणि 287. पदार्पणातला हा स्कोअर आजवर कुणाच्या बापाला मोडता आलेला नाही. त्यातही शेवटच्या विकेटला विल्फ्रेड ऱ्होड्सला धरून 130 काढले, इंग्लंडचा तो रेकॉर्ड थेट 2014 ला मोडला, रूट आणि अँडरसननी, तोही आपल्याच बॉलर्सना झोडून (नॉटिंगहॅम, आठवतंय ना? असो).

पण माझं गाडं पैशापाशी अडलंय. त्या पार्टनरशिपमधे एका टोकाला हौशी फॉस्टर, दुसऱ्या टोकाला पगारी ऱ्होड्स. तेव्हा स्कोअरकार्डवर हौशी लोकांच्या नावाला मिस्टर लागायचं, पगारी माणूस नुसता ऱ्होड्स, आणि इंग्लंडात ड्रेसिंग रूमसुद्धा वेगळी. बरं हा फॉस्टर काही जमीनदार नव्हे, वडील पाद्री, त्याला धरून सात भाऊ आणि सातही वूस्टरशायर काउंटीकडून खेळले, लोक फॉस्टरशायरच म्हणायचे! पोटासाठी शेअर ब्रोकरचा धंदा, त्यामुळे टेस्ट जेमतेम 8. 1907 ला साउथ आफ्रिकेविरुद्ध कॅप्टन झाला आणि पुढच्या ऑस्ट्रेलिया टूरला कामामुळे नाही म्हणाला. फुटबॉलमधेही इंग्लंडचा कॅप्टन होता, दोन्ही खेळांत हा मान मिळालेला तो एकटाच.

तर 1903 ची ऑस्ट्रेलिया टूर एमसीसीने (लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब, लॉर्ड्स मैदान त्यांचंच) स्वतः काढलेली पहिलीच, तिच्यात हौशी खेळाडूंना फक्त बोटीचं तिकीट आणि हॉटेल मिळायचं की वर काही हातात पडायचं? त्या काळचा गाजलेला इंग्लिश क्रिकेटर डब्ल्यू. जी. ग्रेस हौशी म्हणवून घेत पगारी लोकांपेक्षा जास्त कमवायचा हे जगजाहीर आहे, म्हणून शंका येते. लॉर्ड्सच्या लायब्ररीत जुने हिशोब बघायला मिळतात का, आधी मेल करावी लागते का? ट्रोव्हवर (ऑस्ट्रेलियाचा ऑनलाइन संग्रह) जुने ऑस्ट्रेलियन पेपर चाळतोय, तिथे कव्हर ड्राइव्हची वर्णनं रग्गड आहेत, पैशाचं अवाक्षर नाही.

अजून एक, डॉक्टर लोकांसाठी. मे 1914 ला फॉस्टर डायबेटीसने गेला, वय 36. इन्सुलिनचा शोध 1921 चा. त्याआधी अशा पेशंटला नक्की काय ट्रीटमेंट द्यायचे, नुसती उपासमारच का? दोन ओळीत सांगितलंत तरी चालेल.