फादरांचं सगळं आपोआप चर्चचं होत नाही

मृत्युपत्र न करता फादर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, वारले की त्यांची मिळकत थेट चर्चकडे जाते, असं काहीजण म्हणतात. सरसकट तसं नाही. धर्मप्रांतीय धर्मगुरू, म्हणजे एखाद्या बिशपांच्या हाताखालच्या भागात सेवा करणारे फादर, ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. स्वतःच्या कमाईचे ते मालक असतात आणि ती त्या त्या देशाच्या वारसा कायद्यानुसार, सहसा आईवडिलांकडे किंवा भावंडांकडे जाते. व्रतं घेऊन संन्यस्त संघात राहणाऱ्या फादरांना मात्र १९८३ च्या कॅनन कायद्याचं (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं) कलम ६६८ अखेरच्या व्रतांआधी मृत्युपत्र करायलाच लावतं. तेव्हा घरात कागद सापडला नाही तरी संघाच्या कार्यालयात जरूर विचारा.

खरी गुंतागुंत फादरांजवळच्या पैशांची असते. माझे काका फादर होते; त्यांच्या मागे सामान आवरताना टेबलाच्या खणात पैशांची पाकिटं आणि मिस्सांची, म्हणजे लोकांनी पैसे देऊन सांगितलेल्या चर्चमधल्या प्रार्थनाविधींची, वही मिळाली. अजून अर्पण न झालेल्या मिस्सांचे पैसे ही वारसांची मिळकत नाही, ते देणं आहे! ज्यांनी आपल्या माणसांसाठी ते दिले, त्यांच्या मिस्सा व्हायलाच हव्यात. आम्ही वही आणि रक्कम बिशपांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १२६७ प्रमाणे, धर्मग्रामाचा (एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समुदायाचा) प्रमुख म्हणून फादरांच्या हाती आलेलं दान, उलट पुरावा नसेल तर, धर्मग्रामाचंच धरतात. म्हणून बँक खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर असलं तरी वाटणीआधी प्रत्येक जमा रक्कम कुठून आली ते तपासा.