अमूर्त चित्रातला ताण: चित्रात की आपल्या डोक्यात? (टोपणनावांनी चाललेली ऑनलाइन चर्चा)

तिरपी रेघ
अमूर्त चित्रासमोर "केवढी घुसमट आहे यात!" म्हणणाऱ्यांना सरळ प्रश्न: ती दिसली कुठे? चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, काढत. बहुतेक चित्रांना नावही नाही. माणूस काहीच सांगत नाही, आणि आपण मात्र गोष्ट रचून मोकळे. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं १९७९ चं चित्र २३.७ कोटींना गेल्यापासून तर त्यातली 'गूढ शांतता' सगळ्यांनाच ऐकू येते.

अमेरिकन चित्रकार मार्क रोथ्कोचंही तेच. फेब्रुवारी १९७० मध्ये त्याने आत्महत्या केली. म्हणून शेवटची, वर काळा आणि खाली करडा रंग असलेली चित्रं लोक मृत्यूची चाहूल म्हणून बघतात. त्याच सुमाराचं लालभडक चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याचं काय करायचं?

गेरू
चरित्र बाजूला ठेवा, हे मान्य. पण मग चित्र तरी नीट बघा. रोथ्कोच्या आधीच्या चित्रांत रंगपट्टे धूसर कडांनी तरंगतात, डोळा आत ओढला जातो. काळ्या-करड्या चित्रांत कडेने बारीक पांढरी चौकट आहे. तिच्यामुळे नजर आत शिरू पाहते आणि पृष्ठभागावरच अडते. हा ताण कॅनव्हासवर आहे, माझ्या डोक्यात नाही.

तिरपी रेघ
हा रचनेचा ताण झाला. बोलणं भावनेबद्दल चाललं होतं. अलगद रूळ बदललात!

विलंबित
आलापात गवई षड्जाच्या ('सा'च्या) अगदी जवळ येऊन थांबतो तेव्हा ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. ती रचना की भावना? वेगळं काढून दाखवा. आणि खुद्द रोथ्को म्हणत असे की रंग-आकारांच्या नात्यांत त्याला रस नाही, मूलभूत मानवी भावनांत आहे.

खडूस नागपूरकर
म्हणजे रोथ्को गेरूंच्याही विरोधात गेला की! पण चित्रकार म्हणाला म्हणून ते चित्रात उतरलंच, असं कसं? उद्या मी पोहे करून म्हणेन यात विरह आहे. (गायतोंडे १९२४ साली आमच्या नागपुरात जन्मले, तेवढ्या भांडवलावर बोलतोय.)

आणखी एक. इथे निम्मे लोक मोबाइलवर चित्र बघून भांडताहेत. गायतोंड्यांचे पारदर्शक थर स्क्रीनवर सपाट होतात. खालचा रंग वरच्यातून झिरपताना दिसला नाही, तर वाद कशाचा घालताय?

गेरू
विरह पोह्यांत नसेल, पण मिरची जास्त झाली तर ती सगळ्यांनाच लागते. :) तिरपी रेघ, तुमचं खरं धरलं तर कुणाला काहीही वाटायला हवं. गायतोंड्यांसमोर कुणाला शांत वाटतं, मला अस्वस्थ वाटतं. पण "काय खेळकर चित्र आहे" असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. चित्रकार पॉल क्लेच्या चित्रांसमोर लोक सर्रास म्हणतात. चित्र काहीच सांगत नसेल तर हा फरक येतो कुठून?

तिरपी रेघ
दालनातल्या मंद दिव्यांमुळे. आणि तिथला रखवालदार कधी खेळकर नसतो.

विलंबित
क्लेच्या दालनात काय पिपाणी वाजवणारा ठेवतात?