बारकोड नसलेल्या पुस्तकांचं काय?
घरच्या पुस्तकांची यादी ठेवणाऱ्या ॲपबद्दल सांगतात, की बारकोड स्कॅन केला की अख्खं कपाट एका दुपारीत त्यात चढतं. नव्या पुस्तकांपुरतं खरं. आमच्याकडची निम्मी पुस्तकं आजोबांच्या वेळची. त्यांना आयएसबीएनच, म्हणजे बारकोडमागचा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांकच नाही, स्कॅन काय करणार? आणि ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा भारतीय पुस्तकांचा आकडा असला तरी ॲपला मराठी पुस्तक सापडेलच असं नाही. सापडलं तर नाव रोमन लिपीत, 'ळ'चा 'ल' होऊन.

शेवटी साधी एक्सेल शीट केली. नाव, लेखक, आवृत्ती, आणि सध्या कोणाकडे आहे. हा शेवटचा रकाना सोन्याचा! मावसभावाने नेलेले दोन खंड त्याच्याच जोरावर तीन वर्षांनी परत आणले. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायला वापरतात ते ड्युई क्रमांकही घालून पाहिले, पण मराठी कादंबऱ्या सगळ्या ८९१.४६३ मध्येच, मग घरच्या कपाटात उपयोग काय?

आवडीप्रमाणे पुस्तकांना तारे देणं मात्र सोडलं. कॉलेजात शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढायचो. तेव्हा पाच दिलेल्या एका कादंबरीला परवा दोनसुद्धा द्यावेसे वाटेनात. आता शेरे तीनच: 'पुन्हा वाचेन', 'देऊन टाकेन', 'अजून उघडलं नाही'. तिसऱ्यात सध्या १४२ आहेत, आणि पुढच्या आठवड्यात गावात प्रदर्शन लागतंय.