छोट्या डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी आजही लाझारस-डेल्फीच घ्यावं का?

तराजू:
एका पतसंस्थेसाठी प्रोग्रॅम करायचाय. एकच शाखा, तीन कॉम्प्युटर, इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. बरोबरचे म्हणतात, वेबवर कर. मला पटत नाही. डेल्फी आणि लाझारस ही पास्कल भाषेत खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम बनवायची साधनं. फॉर्मवर बटण ओढायचं, डबल क्लिक करून कोड लिहायचा, एफ९ दाबून चालवायचं. १९९१ला व्हिज्युअल बेसिकनं आणि १९९५ला डेल्फीनं हे हातात दिलं, छोट्या कामाला त्याची सर अजून कशाला नाही. एक्झी (तयार प्रोग्रॅमची फाइल) नेऊन ठेवली की काम सुरू. लाझारस तर फुकट आणि लिनक्सवरही चालतं.

रात्रपाळी:
साफ विरोध. असे जुने प्रोग्रॅम दुरुस्त करणं हेच माझं काम. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, तेव्हा एका दुकानाचं व्हीबी ६मधलं (व्हिज्युअल बेसिकची जुनी आवृत्ती) बिलिंग उघडलं. कराचं गणित बटणाच्या क्लिकमध्ये, तेच पुन्हा छपाईत, तेच परत आलेल्या मालाच्या फॉर्ममध्ये. एका कराचे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग करायचे होते. तीन जागा बदलल्या, चौथी सुटली. पडद्यावरची रक्कम आणि छापील बिल जुळेना, आठवडा गेला. गिऱ्हाइकाचं नाव युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरांची पद्धत) मराठीत टाकलं की नुसती प्रश्नचिन्हं!

तराजू:
प्रश्नचिन्हं व्हीबी ६ची. डेल्फीत २००९च्या आवृत्तीपासून युनिकोड आहे, लाझारस यूटीएफ-८वर, म्हणजे युनिकोडच्याच एका रूपावर, चालतं. खातेदाराचं नाव देवनागरीत नीट दिसतं, मी रोज बघते. आणि गणित क्लिकमध्ये कोंबलं तर दोष लिहिणाऱ्याचा. वेगळं युनिट (कोडची स्वतंत्र फाइल) करायला कोणी अडवलंय?

पायवाट:
फॉर्मच्या मापाचंही बघा. ८००×६००साठी आखलेले फॉर्म आजच्या स्क्रीनवर मुंगीएवढे दिसतात. अँकर (खिडकीच्या मापाबरोबर बटणं-रकाने सरकवणारी, ताणणारी सोय) पहिल्या दिवसापासून लावा.

रात्रपाळी:
अडवत कोणी नाही, पण डबल क्लिक केलं की कर्सर थेट क्लिकच्या आतच जाऊन बसतो. घाईत माणूस तिथेच लिहितो. मीही लिहिलंय. व्याजाचं गणित फॉर्म न उघडता तपासता येतं का, ते दाखवा.

तराजू:
हे मात्र बरोबर. व्याजाचं युनिट आधी लिहिते, चाचण्यांसकट. फॉर्म त्यानंतर, आणि तो लाझारसमध्येच.